भिंतीला कान, नाक्याला डोळे

खेड्यात गुपित राहत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको. कोणाच्या चुलीवर सुका जवळा भाजला जातो आहे आणि कोणाकडे पाहुण्यांसाठी कोंबडी कापली आहे, हे आळीच्या टोकापर्यंत वासावरून कळते. आगाशी-नंदाखालकडची एखादी भाजीवाली नेहमीच्या विरार गाडीला दिसली नाही, तर दुपारपर्यंत दोघीतिघी तिच्या दारात चौकशीला हजर. जमिनीच्या कागदाचे म्हणाल तर सातबारा काही कोणाच्या पेटीत कुलूपबंद नसतो. कोणाच्या नावावर किती गुंठे, कोणत्या सोसायटीचा किती बोजा, हे चावडीवाचनात साऱ्या गावासमोर वाचायचे, अशीच आपली रीत.

मग कोणी विचारील की सरकारने आपली माहिती घेतली, नाक्यावर कॅमेरा लावला, कामावरच्या साहेबाने हजेरीला अंगठा घेतला, तर त्यात एवढे बिघडले कुठे? गाव तर पहिल्यापासून बघतेच आहे.

प्रश्न रास्त आहे. पण शेजारीण आपल्या घरात डोकावते तेव्हा तिचेही दार आपल्याला उघडे दिसत असते. माझ्या घरचे भांडण तिला ठाऊक, तसे तिच्या मुलाचे कर्ज मला ठाऊक. म्हणून दोघीही बोलताना जीभ जरा आवरून धरतात. खांबावरच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. तो आपल्याला बघतो. पण त्याच्या पलीकडे कोण बसले आहे, ते चित्र किती दिवस ठेवतात, कोणाला दाखवतात, हे आपल्याला दिसत नाही. आज बोलायचे आहे ते या फरकाविषयी.

कॅमेऱ्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. रात्री वाडीतली पंपाची मोटार जाते, केबल कापून नेतात, केळीचे घड उतरवून टेम्पो पसार होतो. अशा वेळी नाक्यावरचा कॅमेरा उपयोगी पडतो. ई-पीक पाहणीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानेच बांधावर उभे राहून फोनमधून पिकाचा फोटो काढून नोंद करायची सोय झाली. पूर्वी तलाठ्याने सजात बसूनच पीक लिहिले आणि वालाच्या जागी भात लागले, असे किती जणांच्या वाट्याला आले असेल! नुकसानभरपाईच्या वेळी आपण स्वतः केलेली नोंद कामाला येते. तेव्हा माहिती देणे हेच वाईट, असे माझे म्हणणे नाही.

पण माहिती देता देता आपण कुठवर आलो, ते एकदा मागे वळून बघा. आधार क्रमांक देण्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. तेव्हा सांगितले होते की ही ओळख आहे, ज्याच्याकडे कागद नाही त्याला कागद मिळेल. पुढे तोच क्रमांक रेशनला लागला, गॅसला लागला, बँकेला लागला, शिष्यवृत्तीला लागला. नांगर आणि कोयता धरून ज्याच्या बोटावरच्या रेघा झिजल्या, त्याचा अंगठा रेशनच्या यंत्राला ओळखू येईना. दुकानदार समोर ओळखीचा, माणूस समोर उभा, पण यंत्र म्हणते हा तो नव्हे! एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी आपल्या राज्यात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यात आधार, जमीन, पीक सारे एका दोऱ्यात ओवले जाते. आपल्या वसईत एका सातबाऱ्यावर चुलते, आत्या, परदेशी गेलेले भाऊ अशी पंधरा-वीस नावे असतात. त्यांचे काय काय होणार, हे ज्याचे त्याने केंद्रावर जाऊन अनुभवावे.

आता एक विरोधाभास बघा. मी दहा गुंठ्यांत काय लावले आहे, हे सरकारला अक्षांश-रेखांशासकट हवे असते. माझी खोली भाड्याने दिली तर भाडेकरूचे नाव-गाव-फोटो पोलिसांत द्यावे लागते. मात्र नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर एक नव्हे, दोन नव्हे, ४१ इमारती उभ्या राहिल्या. पाया खणला गेला, लोखंड आले, स्लॅब पडले, लोक राहायला आले, तरी कोणाला दिसले नाही. दिसले ते उच्च न्यायालयाने डोळे उघडल्यावर. नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या साऱ्या इमारती पाडल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे उघड्यावर आली. घर घेताना त्या लोकांनी आधार दिला होता, पॅन दिला होता, बँकेचा चेक दिला होता. त्यांची सारी माहिती सगळ्यांकडे होती. इमारत बेकायदा आहे ही एक माहिती मात्र त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली नाही.

२६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली. तीही विनापरवाना. एका चिमुरडीच्या पहिल्या वाढदिवसाला लोक जमले होते. १७ माणसे गेली. ज्या शहरात चौकाचौकात कॅमेरे आहेत, तिथे चार मजल्यांची इमारत नजरेतून सुटते. डोळे कमी पडले असे कसे म्हणावे? ते कोणाकडे वळवलेले आहेत, हे विचारायला हवे.

कामाच्या ठिकाणीही नजर अशीच वरून खाली जाते. आपल्या गावच्या अंगणवाडी ताईंचेच घ्या. बाळांची वजने, गरोदर बायांची नोंद, आहार, सारे फोनवर भरायचा हुकूम आला. सरकारने दिलेला फोन तापायचा, अडकायचा, आणि वरून आलेले नोंदणीचे अॅप इंग्रजीत. जिने पंचवीस वर्षे मराठीत अकरा-अकरा रजिस्टरे ठेवली, ती त्या अॅपपुढे अडाणी ठरली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या ताईंनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. वर्तमानपत्रांनी बातमी फोन खराब असल्याची केली आणि ती खरीच होती. पण त्या ताईंचे दुखणे आणखी एक होते, ते फारसे छापून आले नाही. दिवसभर आपण कुठे आहोत, किती वाजता नोंद केली, हे वर दिसते. मानधन वेळेवर का आले नाही, हे मात्र खालून वर कोणत्याच पडद्यावर दिसत नाही.

रोजगार हमीच्या कामाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. महाराष्ट्राला तिचे विशेष वाटायला हवे, कारण हमीचा कायदा आपण १९७७ साली देशाच्या कितीतरी आधी केला. पुढे केंद्राची योजना आली आणि १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक कामावर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून चढवणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता, खोटी हजेरी बंद व्हावी. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात फोनला रेंज कुठली? बाई सकाळी येऊन माती उपसून मोकळी होते, दुपारी दुसऱ्या फोटोसाठी तिष्ठत बसते. फोटो चढला नाही तर हजेरी बुडाली. आणि ज्यांना चोरी करायची होती त्यांनी काय केले? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचा फोटो काढून चढवला जात आहे. म्हणजे नजर ठेवण्याचा जाच प्रामाणिक बाईला झाला आणि लबाडाने पळवाट शोधून काढली! यावर उपाय म्हणून गावसभेत मजुरांची यादी मोठ्याने वाचा, असे कोणी सुचवले तर तो मागासलेला ठरतो. पण कोण कामावर आले होते हे गावाइतके कोणाला ठाऊक असणार?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून आपली कितीतरी मुले-मुली कामाला जातात. यंत्राजवळ कॅमेरा असणे समजू शकते, तिथे अपघात होतात. पण डबा खायच्या जागेवर, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी कॅमेरा कशाला? एवढे विचारायची सोय प्रत्येक मुलीला हवी. नोकरी जाईल या भीतीने ती घरी येऊन आईलासुद्धा सांगत नाही. आईने विचारावे.

आता थोडे उत्तरेला, पालघरला जाऊ. पालघर गावात पाचबत्ती आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला तिथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले, त्यांची ती आठवण. त्याच पालघरात सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये काय झाले ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेच्या वेळी सारे व्यवहार बंद होते. एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मुंबई बंद राहिली ती आदरापोटी की भीतीपोटी, अशा अर्थाच्या त्या होत्या. तिच्या मैत्रिणीने त्याखाली आवडल्याची खूण केली. बस, एवढेच. तिच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला, मोडतोड झाली. मोडतोड करणाऱ्यांच्या आधी पोलिसांनी त्या दोन मुलींना ठाण्यात नेले, १९ तारखेला अटक दाखवून कोर्टापुढे उभे केले. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या.

एखाद्याला त्या ओळी आवडल्या नसतील. दुःखाच्या दिवशी असे लिहू नये, असे वाटणे साहजिक आहे, आणि मोठ्या माणसाने मुलीला घरी बसवून तसे सांगावेही. पण सांगणे निराळे आणि गजाआड घालणे निराळे. पुढे देशभर ओरड झाली, चौकशी झाली, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघर ठाण्याचे अधिकारी निलंबित झाले. खटलाही मागे पडला. त्या प्रकरणावरून दिल्लीत श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरून रद्द झाले. त्यानंतरही कित्येक पोलीस ठाणी मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

या प्रकरणात एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या मुलीच्या ओळी कोणत्या मोठ्या यंत्राने शोधून काढल्या नव्हत्या. ओळखीपाळखीतल्या कोणीतरी त्या वाचल्या आणि पुढे नेल्या. शेजारणीचे बघणे सोसवते, असे मी वर म्हटले. पण त्या बघण्याच्या मागे लाठी येऊन उभी राहिली की शेजारपण संपते. आज घरोघर व्हॉट्सअॅपचे गट आहेत. भावकीचा, देवळाचा, चर्चचा, बचत गटाचा. त्यात कोण काय बोलले याचा फोटो काढून दुसरीकडे धाडण्याची सवय लागली आहे. सरकारला दोष देताना हेही आपल्या पदरात घ्यायला हवे.

आपण कोर्टाची भाषा बोलत नाही, पण एक निकाल प्रत्येक घरात ठाऊक असावा. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले की आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्धही माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात राहिले. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, आणि १९७६ चा तो निकाल चुकीचा होता. हे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलाने पुसला! आपल्याकडे बापाच्या वेळची हद्द मुलगा बदलतो तेव्हा बहुतेक वेळा भांडण लागते. इथे मुलाने बांध सरळ केला.

या हक्काचा अर्थ कोणीच आपल्याकडे बघायचे नाही, असा नाही. बघायचे तर कायदा हवा, कारण योग्य हवे, आणि कारणाच्या मानाने जास्त बघायचे नाही. फोन ऐकण्याचे उदाहरण घ्या. १८८५ चा इंग्रजांचा तार कायदा होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गृहसचिवाच्या हुकमाशिवाय आणि सार्वजनिक सुरक्षेसारख्या कारणाशिवाय कोणाचा फोन ऐकायचा नाही. तरीही ऐकले जातात. २२ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याचा फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि झालेली नोंद नष्ट करायला लावली. त्या माणसावर लाच दिल्याचा आरोप होता. न्यायालयाने म्हटले, आरोप असला तरी नियम मोडून कान लावता येणार नाही.

वसईला हे विशेष समजावे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला इथल्या वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ३ जुलै २००९ ला महापालिका झाली तेव्हा गावे त्यात नकोत म्हणून पुन्हा लोक रस्त्यावर आले. तेव्हा मोर्चात आलेल्या बाईला आपला चेहरा टिपून ठेवला जाईल, पुढे रेशन, दाखला, मुलाची नोकरी या कामांत तो कोणी काढून बघेल, असे वाटले नाही. म्हणून ती आली. उद्या प्रत्येक चेहऱ्याला नाव लावून देणारे यंत्र खांबावर बसले, तर किती जणी लुगड्याचा काष्टा खोचून निघतील?

आता थोडे कामाचे. आधारची झेरॉक्स कोणाच्याही हातात सरसकट देऊ नका. आधारच्याच सरकारी संकेतस्थळावरून शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारी प्रत काढता येते, बहुतेक ठिकाणी ती चालते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनाने आडवे लिहा: कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. अंगठ्याची नोंद फोनवरून कुलूपबंद करता येते. मात्र रेशनच्या दिवशी कुलूप काढायला विसरू नका, नाहीतर हात हलवत परत यावे लागेल. मोबाईल किंवा बँक खाते आधारशिवाय मिळणारच नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती सक्ती गेली आहे. दुसरा सरकारी ओळखपत्राचा कागद चालतो.

माहिती जपण्याचा नवा कायदा २०२३ साली झाला. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतो हे सांगावे, आणि मागितले तर मराठीतून सांगावे, असे त्यात आहे. ही कलमे नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची ठरली. सरकारने मात्र स्वतःसाठी सुटीची मोठी खिडकी ठेवली आहे. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराला एक खीळ घातली, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झाली. पूर्वी एखाद्याची वैयक्तिक माहिती लोकहितासाठी मागता येते, असे ८(१)(जे) या कलमातच लिहिलेले होते. आता त्या कलमात ‘वैयक्तिक माहिती’ म्हटले की दार बंद, एवढेच उरले आहे. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या बांधकामाकडे काणाडोळा केला, हे विचारले तरी ती त्याची वैयक्तिक बाब ठरवली जाईल, अशी धास्ती आहे. खासगीपणा आपल्यासाठी मागितला आणि पांघरूण साहेबाला मिळाले, असे व्हायला नको. माहिती अधिकार कायद्याचे ८(२) हे कलम शिल्लक आहे. लोकहित मोठे असेल तर माहिती द्यावी, असे ते सांगते. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

अर्ज लहान असावा, एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नाक्यावरच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही: तो कोणाच्या ठरावाने बसला, चित्रे किती दिवस ठेवतात, कोण बघू शकते, आतापर्यंत कोणाकोणाला दिली. पूर्व पट्टीतल्या ग्रामपंचायतींना हेच प्रश्न ग्रामसभेत तोंडी विचारता येतील. महापालिकेत गेलेल्या गावांना प्रभाग समितीचे कार्यालय गाठावे लागेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.